दोन बोटं कापड

मास्तरांच्या स्वतःच्या पँटला कमरेशी सेफ्टी पिन लावलेली मी पाहिली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तीस वर्षं लोकांच्या पँटी कमरेत घेणारा माणूस स्वतःची पँट पिनेवर भागवतोय, यात काहीतरी चुकतंय, हे शेंबडं पोरही ओळखेल. पण मी तेव्हा त्यांच्यावर फुगलेली होते. मनात म्हटलं, मोठ्या दुकानाचे मालक झाले ना, आता यांना स्वतःच्या कपड्यांकडे बघायलाही सवड नाही.

मी टेलरच्या दुकानात काजं-बटणं करते. हेम घालते, हुक लावते, लोंबणारे दोरे कापून कपडा इस्त्रीकडे देते. एकोणीस वर्षं मी मास्तरांकडे आहे. माझी जीभ सुईपेक्षा जास्त टोचते, असं ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे आणि वर मलाच विचारायचे, "खोटं बोलतोय का, बाई?" मी म्हणायचे, "तुमच्याकडे राहून राहून धार आलीय." असं आमचं चालायचं. त्यातच दिवस कसा जायचा कळायचं नाही.

जुनं दुकान एका जिन्याखाली होतं. तीन माणसं आत आली की चौथ्याने पायरीवर उभं राहायचं. मास्तरांचं कटिंगचं टेबल अगदी दाराशी, रस्त्याला लागून. टेप गळ्यात, खडू कानावर. माप घेताना ते गप्प बसले आहेत, असं मी कधी पाहिलं नाही. कोणी पोट आत ओढून उभा राहिला की म्हणायचे, "साहेब, श्वास सोडा. पँटला तुमच्यासोबत जेवायला बसायचंय." एखादी बाई म्हणायची, मागच्याच मापाचं शिवा. तर मास्तर चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "माप मागचंच लिहितो, शिवतो मात्र आजचं." कोणी रागावलं नाही कधी.

ही मापं ते जाड वह्यांमध्ये लिहायचे. नुसते आकडे नाहीत. आकड्यांच्या शेजारी बारीक अक्षरात शेरा असायचा. 'डावा खांदा उतरता.' 'नवीन नोकरी, खूप बसतो, पोट सुटणार.' 'मुलगा, वय बारा, वाढतोय, तीन बोटं.' हे बोटांचं प्रकरण सांगायला हवं. कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडं कापड जास्तीचं सोडतात. माणूस जाड झाला, पोर वाढलं, तर शिवण उसवायची आणि कपडा सैल करून द्यायचा. आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात. नावात गुंतू नका, ते नुसतं कापड आहे. बाकीचे टेलर बोटभर सोडतात, मास्तर दोन बोटं सोडायचे आणि वाढत्या पोरांना तीन. त्यामुळे लोक एकदा कपडा शिवून गेले की दोन वर्षांनी तोच कपडा घेऊन परत यायचेच. मग पुन्हा टेप, पुन्हा चेष्टा.

मग मास्तरांच्या मुलाने नवं दुकान काढलं. मुलगा गुणी आहे, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्याच्यावर घसराल. त्याने राब राब राबून कोपऱ्यावर मोठी जागा घेतली. समोर काचा, आत गारवा, मोटारीच्या चार मशिनी, काजं करायलाही एक मशीन. त्याच महिन्यात घरही बदललं, दुकानापासून दोन मिनिटांवर, लिफ्टचं. मास्तरांचं पायाने चालवायचं मशीन विकून टाकलं. काउंटरवर सून बसते, तीच मापं घेते आणि कॉम्प्युटरमध्ये भरते. मागच्या खोलीत मास्तरांसाठी लांबरुंद टेबल, डोक्यावर चार ट्यूबलाइट. खिडकी नाही. सुनेकडून छापील चिठ्ठी येते, मास्तर ती बघून कापड कापतात. "आता बाबांनी उभं राहून लोकांची वटवट ऐकायची नाही," मुलगा म्हणाला. "पुष्कळ केलं त्यांनी." मास्तरांनी नशीब काढलं, असं सगळे म्हणाले. मीसुद्धा म्हणाले. वह्या एका खोक्यात भरून माळ्यावर गेल्या.

पहिले दोन-तीन महिने काही जाणवलं नाही. मग मास्तर बोलेनासे झाले. मी एखादी टोचणी दिली की "हं" म्हणायचे. चहा समोर ठेवलेला गार व्हायचा, त्यावर साय धरायची, संध्याकाळी मी तो ओतून टाकायचे. सोमवारी कात्र्यांना धार लावायचा त्यांचा तीस वर्षांचा नेम मोडला. मला वाटलं, आता यांना शिंगं फुटली. जिन्याखाली होतो तेव्हा बाई चालत होती, आता काचेच्या दुकानात काजवालीशी काय बोलायचं. मग मीही तोंडाला कुलूप घातलं. दोन महिने. एका खोलीत समोरासमोर बसून आम्ही दोघं दिवसभर एक शब्द बोलत नव्हतो, आणि मी मनात त्यांची वाट बघत होते की कधी येतायत समजूत काढायला. आज ते दोन महिने आठवले की मला माझाच राग येतो. मी अबोला धरला होता. ते तर बोलूच शकत नव्हते. हा फरक मला कळला नाही.

कामात चूक नव्हती, हीच तर अडचण झाली. मास्तर वेळेवर यायचे, दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. कापड बरोबर कापायचे. फक्त एक चिठ्ठी तीन-तीनदा वाचायचे. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, एकदा दुकानात आल्या तेव्हा म्हणाल्या, "हल्ली पहाटे चारलाच उठून बसतात हो. जेवणही दोन घासांचं." मुलाने रक्त तपासून आणलं. साखर ठीक, प्रेशर ठीक. "वय झालं," असं सगळ्यांनी ठरवलं. बासष्ट म्हणजे काही वय नव्हे, पण कारण मिळालं की माणसं शोधायची थांबतात.

त्याच सुमारास माझ्या हातात येणारे कपडे वेगळे लागायला लागले. मी कपडा उलटा करूनच काम करते, त्यामुळे आतली बाजू मला पाठ असते. शिवणीच्या आत कापडच नसायचं. आधी दोन बोटांचं एक झालं, मग अर्धं, मग शिवणीला लागून सूतभर कडा. मशीनवरची माणसं खूष, शिवण सपाट बसते. मुलगा तर जाम खूष. "मावशी, बघितलंत? बाबांनी नवी पद्धत काढली. कापड वाचतं आणि फिनिशिंग रेडिमेडसारखं." त्याने चार जणांना तसं सांगितलंही. मला ते पटलं नाही, पण माझी मास्तरांशी बोलचाल नव्हती ना. मी गप्प राहिले.

मग एक बाई मुलाची शाळेची पँट घेऊन आली. पोरगं दोन-तीन महिन्यांत ताडमाड वाढलं होतं. "मास्तरांकडे शिवलंय, आत कापड असेलच," ती अगदी खात्रीने म्हणाली. सुनेने पँट मागे आणून दिली. मास्तरांनी उलटी केली, पाहिली आणि परत दिली. "होणार नाही," म्हणाले. एवढंच. ती बाई बाहेर मोठ्याने बोलून गेली. पूर्वी अशी गोष्ट घडली असती तर मास्तरांना रात्रभर झोप आली नसती, पदरचं कापड घालून नवी पँट दिली असती. आता ते पुढची चिठ्ठी वाचायला लागले. मी मुलाला गाठलं. "बाबांचं काहीतरी बिघडलंय," म्हटलं. तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला जुनं दुकान सोडवत नाही, हे मला कळतं." मला असा संताप आला की मी तशीच डबा उचलून घरी गेले.

नातीचा चौथा वाढदिवस चार दिवसांवर होता. ही नात म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. तिचे सगळे फ्रॉक तेच शिवतात, कापण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत, फक्त हेम आणि बटणं माझी. दुपारी त्यांनी निळ्या कापडावर पांढरे ठिपके असलेला फ्रॉक माझ्या टेबलावर ठेवला आणि आपल्या जागेवर गेले. सुईत दोरा ओवून मी फ्रॉक उलटा केला. बाजूच्या दोन्ही शिवणींत काही नाही. खांद्यात काही नाही. खाली हेमला जेमतेम अर्धं बोट. मागच्या वर्षीच्या फ्रॉकला त्यांनी खाली इतकं कापड सोडलं होतं की सून हसली होती, "बाबा, ही यात लग्नाला उभी राहील."

माझा हात थांबला. गिऱ्हाइकांचं एक वेळ समजू शकते. पण या पोरीसाठी?

मी दोन महिन्यांचा अबोला तिथंच टाकला. फ्रॉक घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले. "मास्तर, याला मी हेम घालणार नाही."

"का?"

"आत कापड कुठाय? चार वर्षांचं पोर आहे. तीन महिन्यांत बगलेत उसवेल."

"आत्ता बसतोय ना?"

"आत्ता बसतोय. पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी ज्याला बघायचं तो बघेल."

"आणि तुम्ही कुठे असणार पुढच्या वर्षी?"

मला वाटलं होतं, चिडतील. निदान तेवढं तरी करतील. त्यांनी खडू खाली ठेवला आणि जेवायची वेळ झाली असं सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "मला पुढचं वर्ष दिसतच नाही, बाई."

मी सरळ विचारलं, कारण न विचारून दोन महिने मी काय मिळवलं होतं ते माझ्यासमोर बसलं होतं. "जीव द्यायचा विचार येतो का?"

त्यांनी टेबलावरची चिठ्ठी दुमडून बाजूला ठेवली. "द्यायचा असं नाही. पण सकाळी जाग नाही आली तर बरं, असं वाटतं. रोज वाटतं." मग म्हणाले, "कुणाला सांगू? मुलगा विचारेल, काय कमी आहे? काहीच कमी नाही. माझं मलाच कळत नाही. सगळं चांगलं चाललंय आणि मला उठवत नाही."

"मी सांगणार आहे," मी म्हटलं. "आत्ता. तुम्ही चिडलात तरी."

"सांगा," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटतं, कोणीतरी सांगावं म्हणून ते कित्येक दिवस थांबले होते.

मी मुलाकडे गेले नाही, सुनेकडे गेले. काउंटरवरच्या दोन माणसांना तिने उद्या या म्हटलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, मी तीन आठवडे त्यांच्या पँटची सेफ्टी पिन काढून धुतेय आणि परत लावतेय. मला का नाही विचारावंसं वाटलं?" ती रडायला लागली. मग नवऱ्याला फोन केला. तो आला, आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "पण मी हे सगळं त्यांच्यासाठीच केलं." त्याचा चेहरा असा झाला होता की मला त्याचा राग धरता आला नाही. संध्याकाळी सहाला तो आणि वहिनी मास्तरांना घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी त्याच दिवशी मनाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन दिली. सून दुकानात थांबली, आणि तिच्यासोबत मी.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गेल्या वर्षभरात काही घडलं का. घरातलं कोणी गेलं, भांडण, आजार? तिघंही म्हणाले, नाही, उलट सगळं चांगलंच झालं. नवं दुकान झालं, नवं घर झालं, काम हलकं झालं. त्या सगळं लिहून घेत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे सकाळी उठून जायची जागा बदलली, परत यायची जागा बदलली, काम बदललं आणि रोज बोलायची माणसं गेली. काय उरलं होतं तसंच?" वहिनी म्हणाल्या, "मीच." त्यावर मास्तर किंचित हसले म्हणे. बाईंनी सांगितलं, याला डिप्रेशन म्हणतात, हा आजार आहे, यांचा आळस नाही आणि मुलाचा गुन्हाही नाही. बदल चांगला असला तरी काही माणसांना तो असा आतून खचवतो, आणि चांगला असतो म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं, आणि घरच्यांना सांगितलं, सध्या यांना एकटं ठेवू नका.

नातीला वाढदिवसाला विकतचा फ्रॉक आणला. निळा फ्रॉक माझ्या बटणांच्या खणात तसाच राहिला, हेम न घातलेला. त्याचं नाव कोणी काढलं नाही.

मुलाने सुताराला बोलावलं, मास्तरांचं आणि माझं टेबल समोर काचेपाशी आणलं आणि माळ्यावरचं वह्यांचं खोकं खाली काढलं. टेबल हलवलं आणि मास्तर हसायला लागले, असं झालं असतं तर मी तसं सांगितलं असतं. तसं झालं नाही. पहिले पंधरा दिवस गोळ्यांनी त्यांचं तोंड कोरडं पडायचं, झोप यायची. म्हणायचे, याचा काही उपयोग नाही. मग महिनाभर जरा बरं. चौथ्या महिन्यात पुन्हा आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत, आणि मुलगा माझ्यासमोर डोकं धरून बसला. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली. वहिनी रोज संध्याकाळी त्यांना ओढून फिरायला न्यायच्या, त्या स्वतः पाय दुखतात म्हणून कुरकुरत. मी रोज बोलायचे. उत्तर येवो न येवो, माझी टकळी चालू. कोणता पाहुणा आला, कोणत्या मशीनने दोरा खाल्ला, सगळं. इतकं निरर्थक मी आयुष्यात बोलले नव्हते.

सहाव्या महिन्यात एका दुपारी मी कोटाला काज केलं. मास्तरांनी कोट उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "बाई, हे काज आहे की भगदाड? यातून बटण जाईल आणि मागून बटणवाला पण जाईल."

मी कोट हिसकावून घेतला आणि उठून पाणी प्यायला गेले. तिथं उभी राहून मनसोक्त रडले. एकोणीस वर्षांत माझ्या कामाला कोणी इतकी नावं ठेवली नव्हती. परत येऊन मी म्हटलं, "डोळे तपासून घ्या." ते म्हणाले, "घेतले. म्हणून तर दिसलं."

त्यानंतर ते आठवड्यातले दोन दिवस स्वतः टेपने मापं घ्यायला लागले. सून कॉम्प्युटरमध्ये भरते, ते वहीत लिहितात. दोघांचे आकडे जुळले नाहीत की सासरा-सुनेची जुंपते. गोळी चालू आहे. मास्तर ती सगळ्यांसमोर घेतात आणि कोणी विचारलंच तर सांगतात, "पुढचं वर्ष दिसावं म्हणून घेतो."

नातीचा पाचवा वाढदिवस जवळ आला तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले. "बाई, तो निळा फ्रॉक कुठाय?"

मी खण उघडला.

त्यांनी नातीला स्टुलावर उभं केलं. फ्रॉक तिच्या अंगात अर्ध्यातच अडकला, बगलेच्या खाली उतरेना. ती खिदळत होती. "आजोबा, हा बाहुलीचा आहे." मास्तरांनी तिचं माप घेतलं, छाती, कंबर, उंची, आणि प्रत्येक आकडा मोठ्याने म्हटला. मग फ्रॉकच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या, खांदेही सोडले, आणि बाजूंना, खांद्यांना, खालच्या घेराला साध्या पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या जोडायला घेतल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, जोड दिसेल. नवा शिवा ना, कापड कितीही आहे." मास्तर म्हणाले, "दिसू दे. मी त्या वर्षी आखूड शिवला होता."

संध्याकाळी फ्रॉक माझ्या टेबलावर आला. मी सवयीने उलटा केला. बाजूला दोन्हीकडे तीन-तीन बोटं. खांद्यात बोटभर. खाली हेमला चार बोटं मोजून. शेजारी वही उघडीच होती, ताज्या शाईत लिहिलं होतं: 'नात. वय पाच. वाढतेय.'

"काय बघताय, बाई?" मास्तर टेबलावरून म्हणाले. "घाला आता हेम."

सुईत दोरा तिसऱ्या खेपेला गेला. मग मी हेम घातली.